डाव्या पायाच्या अठरा चुण्या

रविवार, दिनांक १९ जानेवारी २०२५, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. उजव्या जोड्याच्या टोकाला चुण्या एकवीस. डाव्या जोड्याच्या टोकाला चुण्या अठरा. एकदा मोजून माझा विश्वास बसत नाही, ही नोकरीतली जुनी सवय आहे. म्हणून पेन्सिलीचे टोक एकेका चुणीवर टेकवत मी पुन्हा मोजल्या आणि मग डोळे मिटून, नुसत्या बोटाने, तिसऱ्यांदा. एकवीस आणि अठरा. उजव्याच्या आतल्या अंगाला दहा, बाहेरच्या अंगाला दहा आणि मधोमध एक. डाव्याच्या आतल्या अंगाला दहा, मधोमध एक, बाहेरच्या अंगाला मात्र सातच. सातव्या चुणीनंतर कातडे सरळ, सपाट, काही राहून गेलेच नाही अशा रीतीने टाचेकडे निघून गेले होते. जोडीतल्या दोन वस्तूंमध्ये तीनचा फरक. तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमध्ये मी बत्तीस वर्षे शिकवले, त्यातल्या कोणत्याही वर्षाच्या कोणत्याही मुलाने या जोडीकडे पाहून एकच शब्द उच्चारला असता: तूट. तो शब्द माझ्या मनात उमटला आणि मी पेन्सिल खाली ठेवली. खिडकीतून आलेले ऊन टेबलावर अंथरलेल्या वर्तमानपत्राच्या कडेपर्यंत पोचले होते. गारखेड्याच्या आमच्या गल्लीत कोणीतरी स्कूटर धूत होते, पाण्याचा आवाज अखंड येत होता.

पार्सल आदल्या दिवशी आले होते. विशाखाने पाठवलेले. विशाखा आमची एकुलती एक मुलगी. नऊ वर्षांपासून कॅनडातल्या क्युबेक शहरात असते, तिथल्या एका संग्रहालयाच्या कोठारात जुने कापड आणि जुने कातडे दुरुस्त करते. खोक्यात जोड्याबरोबर एक पत्र होते, हाताने लिहिलेले. ती पत्र लिहीत नाही. ती दर रविवारी फोन करते, तिकडे बर्फ किती पडला ते सांगते, मी माझा रक्तदाब सांगतो, आणि दोघेही आपापला आकडा सांगून झाल्यावर फोन करुणाकडे, म्हणजे तिच्या आईकडे, जातो. पत्रात लिहिले होते: ‘पप्पा, शहराला लागूनच वेंडाके नावाचं गाव आहे, ह्युरॉन-वेंडाट लोकांचं. ते तिथले मूळचे. तिथल्या सोलांजबाईंकडे मी दोन वर्षं दर शनिवारी जाते. हे जोडे त्यांच्या पद्धतीचे आहेत. हरणाचं कातडं धुरावर धरून मऊ केलेलं, मग काळं रंगवलेलं. वरची फुलं धाग्याची नाहीत. मूस नावाचं मोठं सांबरासारखं जनावर असतं, त्याच्या आयाळीच्या केसांची आहेत. केस वीतभरसुद्धा नसतो, म्हणून दर पाकळीला नवी जुडी घ्यावी लागते. काम चालू असताना केस तोंडात धरतात, ओला राहिला की वाकतो, तुटत नाही. या जोडीतला एक पाय सोलांजबाईंनी केलाय आणि एक मी. कोणता माझा, ते २६ तारखेला संध्याकाळी सातला फोनवर सांगा. अट एकच. मोजून सांगायचं नाही.’

पत्र वाचून झाल्यावर दहा मिनिटांच्या आत मी कपाटातून व्हर्नियर, म्हणजे जबडे असलेली बारीक मापाची पट्टी, काढला होता. अट मोडण्याचा हेतू नव्हता. मला दुसऱ्या रीतीने पाहताच येत नाही, एवढेच. पण मऊ कातडे व्हर्नियरच्या जबड्यात धरता येत नाही. जरा दाबले की ते दबते, जरा सैल सोडले की फुगते, आणि दर वेळी वेगळा आकडा देते. मी तीन रीडिंगे घेऊन सरासरी काढली, वहीत दोन रकाने आखले, लांबी, रुंदी, टाक्यांमधले अंतर असे सगळे लिहिले. डावा उजव्यापेक्षा लांबीला चार मिलिमीटर कमी, चवड्यापाशी रुंदीला सहा मिलिमीटर जास्त. फुले दोन्हीकडे सारखीच: पांढरी, निळी, विटकरी तांबडी, काळ्या कातड्यावर चेतलेल्या निखाऱ्यांसारखी, घोट्याच्या पट्टीला पत्र्याच्या बारीक शंकूंची रांग, प्रत्येक शंकूतून तांबड्या केसांचा गोंडा बाहेर आलेला. शंकू सव्वीस आणि सव्वीस. फरक फक्त त्या चुण्यांचा आणि त्या चार व सहा मिलिमीटरचा. वहीच्या तळाशी मी निष्कर्ष लिहिला: ‘डावा विशाखाचा. कारण, अपूर्ण.’

“अहो, जेवायच्या टेबलावर पायताण?” करुणा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला पीठ. “लेकीनं पाठवलंय म्हणून काय ताटात वाढायचं का?”

“वर्तमानपत्र अंथरलं आहे.”

“वर्तमानपत्र म्हणं. लई वास मारतंय ओ त्याला. चुलीम्होरं बसल्यावानी. गच्चीत टाका दोन दिवस उन्हात.”

“उन्हात टाकायचं नाही. रंग उडेल.”

“मग पायात घाला की. पायताण पायात घालायला असतंय.” ती आत वळली, आतून पुन्हा आवाज आला. “आन् ती पट्टी ठेवा आत. पोरीनं नाय म्हणून लिवलंय, मी वाचलंय.”

वास खरोखर होता. मी जोडा नाकाजवळ नेला नाही, तरी तो येत होता. ओल्या लाकडाचा धूर, आणि धुराच्या खाली, फार खाली, जनावर. मी चामड्याची पायताणे आयुष्यभर घातली आहेत, पण दुकानातली, पॉलिशच्या वासाची, ज्यांचा कोणत्याही जनावराशी संबंध असल्याचे लक्षात येत नाही. हा वास मला ओळखीचा होता आणि तो का ओळखीचा आहे हे मला आठवायचे नव्हते. करमाडला, गावाबाहेरच्या आमच्या वस्तीत, मी पाच वर्षांचा असताना एका सकाळी तीन माणसे दारात आली. कोणाचातरी बैल मेला होता. माझे वडील, कडुबा, उंबऱ्यावर बसून दाढी करत होते. आमच्या लोकांनी धम्म घेऊन सहा-सात वर्षे झाली होती, तरी गाव दर मेल्या जनावराला नव्याने विचारायला येत असे. वडील उठले नाहीत. आरशात पाहत म्हणाले, “ते काम आता नाय.” एवढेच. मग महिनाभर विहिरीवरून आईला पाण्याविना परत यावे लागले, आणि बैल वाटेच्या कडेला तसाच पडून राहिला. वारा आमच्याकडे फिरला की तो वास येई. पुढच्या वर्षी आम्ही औरंगाबादला आलो. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करू लागले. मला डिप्लोमाला प्रवेश मिळाला त्या दिवशी त्यांनी माझे दोन्ही तळहात आपल्या हातात घेऊन उलटेपालटे पाहिले, माप घेत असल्यासारखे, आणि म्हणाले, “हे हात लोखंडाला लागू दे. कातड्याला नाय.” मी ते पाळले. लोखंडाला वास नसतो. लोखंड दाबले तरी आकडा बदलत नाही. आता माझी मुलगी पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला एका बाईच्या पुढ्यात बसून, तोंडात जनावराचा केस धरून, कातडे शिवत होती, आणि ते माझ्या टेबलावर आले होते. वडील असते तर काय म्हणाले असते याचा मी अंदाज करू पाहिला आणि मला एकही वाक्य सापडले नाही. सोलांजबाईंचे पणजोबाही असे कोणाच्या दारात उंबऱ्यावर बसून नाही म्हणाले असतील का, की त्यांना नाही म्हणायला उंबराच राहिला नव्हता आणि बायकांनी शिवून विकलेल्या या फुलांवर घर चालले, हे मला ठाऊक नव्हते. आम्ही ज्याला हात लावायचे सोडून माणसे झालो, ते त्यांनी हातातून सोडले नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी बरोबर असू शकतात का, हा प्रश्न मी वहीत लिहिला नाही. त्याला रकाना नव्हता.

सोमवार, मंगळवार मी जोड्यांकडे पाहिले नाही. पण निष्कर्ष वहीत होता आणि तो फोनवर उच्चारायचा कसा याची मी मनात तालीम करत होतो. डावा तुझा. कशावरून, ती विचारेल. कारण त्यात तूट आहे. हे वाक्य मी यापूर्वी एकदा उच्चारले आहे. एप्रिल २००४, विशाखा आमच्याच तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला, आणि प्रॅक्टिकलचा परीक्षक मी. लोखंडी पट्टीचे दोन तुकडे कानशीने घासून एकमेकांत बसवायचे, एकाला खाच, दुसऱ्याला जीभ. दोहोंतली फट एक दशांश मिलिमीटरच्या आत हवी. तिचे घासणे मी दुरून पाहत होतो. ती कानस चालवताना श्वास रोखत असे, माझ्यासारखीच. तिचा जॉब, म्हणजे घासून बसवलेला तो नग, माझ्यासमोर आला तेव्हा वर्कशॉपमध्ये पस्तीस मुले होती आणि दारात दुसऱ्या विभागाचे दोन शिक्षक उभे होते. मी तिला पन्नासपैकी एकोणीस गुण दिले. उत्तीर्ण व्हायला वीस लागत. “फिटिंगमध्ये तूट आहे,” मी म्हणालो, इतर कोणालाही म्हटले असते तसे, किंबहुना जरा मोठ्याने. तिने मान हलवली, दोन्ही तुकडे उचलले, आणि ते एकमेकांत बसवून एकदा उलटे धरले. ते खाली पडले नाहीत. मग तिने ते टेबलावर ठेवले आणि गेली. ऑक्टोबरमध्ये ती पास झाली, डिप्लोमा पुरा केला, आणि लोखंडाला पुन्हा हात लावला नाही. कापडाकडे गेली, मग पुण्याला, मग परदेशी. आमच्यात भांडण कधीच झाले नाही. भांडण झाले असते तर त्याला तारीख असती, आणि तारीख असलेली गोष्ट दुरुस्त करता येते. तिने गेल्या एकवीस वर्षांत मला एकही असा प्रश्न विचारला नव्हता, ज्याचे उत्तर माझ्याकडूनच हवे. हा पहिला होता. आणि माझ्याजवळ उत्तर म्हणून पुन्हा तूटच होती.

बुधवारी संध्याकाळी मुख्तार आले. मुख्तार माझे चाळीस वर्षांचे स्नेही. जुन्या शहरात कारचोबीचे, म्हणजे लाकडी चौकटीवर कापड ताणून जरीकाम करण्याचे, त्यांचे घराणे. आता डोळे गेल्यामुळे ते स्वतः काम करत नाहीत, पण गुलमंडीवरच्या कपड्याच्या दुकानांतून आजही त्यांना नग पारखायला बोलावतात. त्यांनी जोडा उचलला तो आधी फुलाच्या बाजूने नव्हे. आत हात घालून त्यांनी उलटी बाजू चाचपली.

“या अल्ला. सर, हे बाल आहे?”

“केस. मूस नावाच्या जनावराचा.”

“पीछे गाठ नाही, काही नाही. बाई आहे की जादूगार? आमची बीवी नजमुन्निसा असती ना, तर रात का खाना नसता मिळाला मेरेकू. हेच घेऊन बसली असती.” त्यांनी जोडा गालाला लावला, मी नकळत नजर वळवली. “बेटीने केलं?”

“एक तिनं, एक तिच्या गुरूनं. कोणता कोणाचा ते ओळखायचं आहे. डाव्यात तीन चुण्या कमी आहेत.”

“तर?”

“तर डावा शिकणाऱ्याचा.”

मुख्तार हसले. त्यांना खोकला येईपर्यंत हसले. “भाभी, ओ भाभी! सरांना चाय द्या पहिले, यांचा दिमाग चालत नाही. अहो सर, नवा कारीगर टाके गिनतो. घाबरलेला असतो ना. उस्ताद कायको गिनेल? उस्तादचा हाथ जातो तसा जातो. जिथं बराबर आहे, एकदम नापतौल, ती शागिर्द.” त्यांनी उजवा माझ्या हातात ठेवला. “ही तुमची बेटी. खून तुमचाच आहे. गिनल्याशिवाय तिचा घास पण उतरत नसेल.”

“बापावर गेली असंल तर व्हय,” करुणा कप ठेवत म्हणाली.

“हौ ना. लिखके घ्या.”

ते गेल्यावर मी वही उघडली. मुख्तारांच्या म्हणण्यात तर्क होता. शिकाऊ माणूस मोजतो. सरावलेला माणूस मोजणे विसरतो. पण खरे सांगायचे तर मला त्या तर्काने पटवले नाही. मला त्याने सोडवले. उजवा तुझा, मी म्हणू शकत होतो, कारण तो निर्दोष आहे. केवढे मोठे वाक्य. एकवीस वर्षांनी, एकवीस चुण्यांवर बोट ठेवून मी ते म्हणणार, आणि ती तिकडे कदाचित हसणार. मी जुना निष्कर्ष खोडून लिहिले: ‘उजवा विशाखाचा. कारण, निर्दोष.’ त्या रात्री मला चांगली झोप लागली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी ते वाक्य मनात वागवत होतो, नव्या नाण्यासारखे. भाजी आणताना, बँकेच्या रांगेत, पायऱ्या उतरताना. आणि तरीही कुठेतरी एक फट होती, एक दशांशापेक्षा किंचित मोठी. त्यातून वारा येत होता. ज्या उत्तराने मला इतके बरे वाटते ते मी कोणासाठी शोधले आहे, हे मला पक्के सांगता येत नव्हते.

रविवारी, सव्वीस तारखेला, सोसायटीच्या झेंडावंदनासाठी मी काळे बूट घातले. बूट घालण्याची माझी एक पद्धत आहे, आणि ती सत्तावीस वर्षांत इतकी अंगवळणी पडली आहे की ती पद्धत आहे हेसुद्धा मी विसरतो. आधी मोजे, ते खोलीचे दार लोटून. मग उजवा बूट. मग डाव्या बुटाच्या टोकाला, बाहेरच्या बाजूला, कापसाचा गोळा. चार ग्रॅम, करुणाच्या तराजूवर मी तो एकदा तोलला आहे. मग डावा बूट, नाडी सैल, कारण चवड्याचे हाड रुंदावले आहे. १९९८ साली वर्कशॉपमध्ये साखळी सुटून साच्याचा अर्धा भाग माझ्या पायावर आला. करंगळी आणि तिच्याखालच्या हाडाचा तुकडा काढावा लागला, उरलेला पाय चपटा होऊन पसरला. मी सात आठवड्यांनी कामावर गेलो. नंबर आठच ठेवला. दुकानदाराला दोन नंबर सांगणे मला जमले नसते.

झेंडावंदन झाले, पेढे झाले, मी साडेनऊला घरी आलो आणि दाराशी स्टुलावर बसून आधी उजवा, मग डावा बूट काढला. कापसाचा गोळा बाहेर पडला आणि फरशीवर घरंगळून टेबलाच्या पायापाशी थांबला. मी तो उचलायला वाकलो. रोज पडतो, रोज उचलतो. पण आज तो माझ्या तळहातावर होता आणि त्याला आकार होता. दिवसचे दिवस दाबून दाबून तयार झालेला, एका बाजूने गोल, दुसऱ्या बाजूने सरळ. जे नाही त्याचा आकार. टेबलावर, वर्तमानपत्रावर, डावा जोडा होता. सातव्या चुणीनंतर कातडे सरळ, सपाट गेले होते, बाहेरच्या अंगाला, करंगळीच्या जागी.

मी किती वेळ स्टुलावर बसलो ते सांगता येत नाही. घड्याळ समोर असूनही मी पाहिले नाही, एवढी नोंद पुरेशी आहे. मला ती दुपार दिसत होती. टाके काढून आठ दिवस झालेले, करुणा शाळेत शिकवायला गेलेली, आणि अकरा वर्षांची विशाखा गरम पाण्याचे भांडे, कापूस, पट्टी घेऊन माझ्या पायाशी बसलेली. तेव्हा पट्टी तीच बदलत असे. मोठी माणसे तोंड फिरवत, ती नाही. ती जखमेकडे अशी पाहत असे जसे गणिताकडे पाहावे. त्या दिवशी पट्टी झाल्यावर तिने जमिनीवर वर्तमानपत्र अंथरले, मला त्यावर उभे केले आणि पेन्सिल घेतली. “हलू नका पप्पा. चप्पल करून आणू गुलमंडीवरून, तुमच्या मापाची.” उजव्या पायाभोवती पेन्सिल फिरली, मला गुदगुल्या झाल्या, आम्ही दोघे हसलो. मग डावा. पेन्सिल टाचेपासून आतल्या अंगाने निघाली, अंगठा, दुसरे बोट, तिसरे, चौथे, आणि तिथे क्षणभर थांबली. मग ती सरळ खाली गेली. ती रेघ मी वरून पाहिली. माझा पाय कागदावर तसा दिसतो हे मी तोवर पाहिले नव्हते. मी कागद ओढून घेतला, चुरगाळला आणि म्हणालो, “आठ नंबर सांग. पुरे.” तिने पाण्याचे भांडे उचलले आणि ती आत गेली.

मी मोजा काढला. दार लोटलेले नव्हते. डावा जोडा जमिनीवर ठेवला, पुढे वाकलो, वास आला, धुराचा आणि त्याखालचा. मी तो येऊ दिला. वडिलांचे हात पुन्हा माझ्या तळहातांवर असल्यासारखे जड वाटले, आणि मग तितके जड वाटले नाहीत. पाय आत गेला. त्याला कुठे थांबावे लागले नाही. चवड्याचे हाड, जे कोणत्याही बुटात स्वतःची तक्रार सांगते, ते गप्प होते. बाहेरच्या अंगाला कातडे माझ्या पायाला जिथे पाय संपतो तिथेच संपले होते. मी उभा राहिलो. पत्र्याचे शंकू एकमेकांवर आपटून बारीक किणकिणले. मी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका पायात जोडा, एका पायात मोजा असा चाललो. करुणा दारात आली, तिने पाहिले आणि पदराने चष्मा पुसत ती आत गेली.

सात वाजता फोन आला. पडद्यावर विशाखा, मागे खिडकीत बर्फाचा पांढरा प्रकाश. तिच्याकडे सकाळचे साडेआठ.

“बोला पप्पा. मोजलंत ना?”

“मोजलं.”

“आई, हरले गं मी. शंभर रुपये झाले तुझे.”

“मी म्हणलं व्हतं,” करुणा माझ्या खांद्यामागून म्हणाली, “खोकं फोडायच्या आधी पट्टी काढतेल.”

“बरं, मग? कोणता?”

“डावा,” मी म्हणालो. “डावा तुझा.”

ती हसायची थांबली. तो चेहरा मला ओळखीचा होता; दोन तुकडे एकमेकांत बसवून उलटे धरताना होता तोच. “कशावरून? चुण्या कमी आहेत म्हणून?”

फोन हातात धरून खाली वळवला, पायाकडे. मोज्याशिवाय माझा पाय या घरात सत्तावीस वर्षे कोणी पाहिला नव्हता. मी तो जोड्यातून बाहेर काढला, तिला दाखवला, पुन्हा आत घातला. फोनमधून बारीकसा आवाज आला.

“बसला?”

“बसला.”

“सोलांजबाई म्हणत होत्या, उसव आणि परत कर. त्यांना वाटलं मी चुकले. मग मी त्यांना तो कागद दाखवला.”

“कागद मी टाकून दिला होता.”

“तुम्ही टाकला होतात. मी कंपासपेटीत ठेवला होता. कागद पाहिल्यावर त्या म्हणाल्या, डावा तूच कर. तो मला येणार नाही.”

मी खुर्चीवर बसलो. करुणाने माझ्या हातातून फोन घेऊन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, म्हणजे दोघेही दिसू.

“विशाखा,” मी म्हणालो, “दोन हजार चारच्या तुझ्या जॉबची मी पाच रीडिंगं घेतली होती. बाकीच्या मुलांची तीन घेऊन सरासरी धरली. तुझ्यातलं सगळ्यांत वाईट धरलं. सरासरी काढली असती तर तू पास होतीस.”

ती पडद्याच्या जवळ सरकली.

“का पप्पा?”

“दारात दोन जण उभे होते. आपल्या माणसाला झुकतं माप देतात, असं आपल्या लोकांबद्दल नेहमीच बोललं जायचं. मला वाटलं, लोक म्हणतील.”

“काय म्हणाले मग लोक?”

मी आठवून पाहिले. प्रामाणिकपणे आठवून पाहिले. “काही नाही. त्यांना माहीतही नसेल कोणाचा जॉब होता ते. चहाला बोलवायला आले होते.”

ती हसू लागली. हसताना तिने डोळे पुसले, आणि करुणाही हसू लागली, आणि मला हसता आले नाही, पण बसल्याजागी माझा डावा पाय हलला आणि शंकू किणकिणले.

“उजवा पण घाला,” विशाखा म्हणाली. “एका पायानं कुठं जाणार?”

तिचा फोन बंद झाल्यावर मी उजवाही घातला. मग वही उघडली. पहिला निष्कर्ष खोडलेला होताच, दुसराही खोडला. लांबी, रुंदी, टाके, सगळ्या रकान्यांवर एक तिरपी रेघ ओढली. खाली तारीख घातली, २६ जानेवारी २०२५, रात्रीचे आठ वाजून पाच मिनिटे, आणि लिहिले:

डावा जोडा. करणारी, विशाखा. माप घेणारी, तीच. घालून पाहिले. कापूस: शून्य ग्रॅम.